चाक काढले, पण ब्रेकचे काय?

माननीय संपादक,
स. न.

कामाच्या दौऱ्यावर गाडीतून सायकल नेण्याबद्दलचा लेख कालच्या पुरवणीत वाचला. विषय घेतलात, त्याबद्दल आभार. बैठका सुरू होण्याआधी आडवळणाच्या गावरस्त्यांवर दीड तास सायकल चालवता येते, हे कुणीतरी सांगायलाच हवे होते. पण ‘पुढचे चाक काढा आणि सायकल डिकीत आडवी टाका’ एवढ्यावर लेखकाने सगळे उरकले, याचा मला मनापासून राग आला आहे. घोळ होतो तो नेमका तिथेच.

सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक (तेलाच्या दाबाने चाकावरची धातूची चकती, म्हणजे डिस्क, धरणारा) असेल, तर चाक काढल्याबरोबर कॅलिपरमधल्या, म्हणजे डिस्क चिमटीत पकडणाऱ्या भागातल्या, दोन पॅडच्या फटीत प्लास्टिकचा स्पेसर बसवायचा असतो. नव्या सायकलीबरोबर तो बहुधा येतो आणि लोक कचऱ्यात टाकतात. नसेल तर पुठ्ठ्याची घट्ट घडी चालते. हे केले नाही तर काय होते? लॅपटॉपची बॅग ब्रेकच्या लीव्हरला टेकते आणि दर खड्ड्याला लीव्हर दाबला जातो. मध्ये डिस्क नसल्याने पॅड एकमेकांकडे सरकत जातात, पुरते मागे येत नाहीत. पहाटे सहाला चाक बसवायला जावे, तर डिस्क आत शिरत नाही. मग माणूस घाईत स्क्रूड्रायव्हर खुपसतो आणि पॅडचा टवका उडवतो. त्याऐवजी प्लास्टिकचा स्वच्छ टायर लीव्हर घालून दोन्ही पॅड हळूहळू मागे रेटायचे. अशा किती पहाटा वाया जाताना मी पाहिल्या आहेत! लेखात याबद्दल एक अक्षर नाही.

आडवी ठेवायची तीही चेनची बाजू वर करून. मागचा गिअर सर्वांत मोठ्या चक्रीवर आणला की डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, आतल्या अंगाला सरकतो. (मागचे चाकही काढायचे असेल, तर ते काढताना मात्र चेन सर्वांत छोट्या चक्रीवर हवी.) सुटकेस डिरेलरवर रेलली की त्याचा हँगर, म्हणजे त्याला फ्रेमशी जोडणारा धातूचा तुकडा, वाकतो. वरून काही कळत नाही. चढावर मोठी चक्री टाकली की डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो. हँगर मॉडेलप्रमाणे वेगवेगळे असतात, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. म्हणून आपल्या सायकलचा एक जादा हँगर हत्यारांच्या पिशवीत हवाच.

पेडलबद्दल तर लेखात चक्क चूक आहे. ‘दोन्ही पेडल डावीकडे फिरवून काढा’ असे छापले आहे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला उभा धरून मागच्या चाकाकडे दाबला की दोन्ही पेडल सुटतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. लेख वाचून कुणी डावे पेडल जोर लावून आणखी आवळले असेल, तर त्याचा आजचा दिवस फुकट गेला.

‘टायरमधली सगळी हवा सोडा’ हेही सरसकट सांगायला नको होते. ट्यूबलेस टायरची कड रिमवरून सुटली, तर ती साध्या हातपंपाने बहुतेक वेळा परत बसत नाही. प्रेस्टा (सायकलचा बारीक, लांबट) व्हॉल्व्ह असेल, तर छोटा पितळी अडॅप्टर सोबत ठेवावा. पेट्रोल पंपाच्या हवेची नळी मोटारीच्या व्हॉल्व्हसाठी असते, ती अडॅप्टरशिवाय लागत नाही. व्हॉल्व्हची टोकाची चकती आधी सैल करायची, मग अडॅप्टर चढवायचा आणि हवा थोडी थोडी भरायची. ट्यूब मात्र आपल्या मापाच्या दोन घरूनच न्याव्यात. टायरवर 28-622 असे काही छापलेले असते, ते माप (रुंदी आणि रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये). लहान गावात 622 ची ट्यूब मिळेल, या भरवशावर निघू नये.

वेळेचा हिशेबही लेखात नाही. हाती नव्वद मिनिटे असतील, तर पस्तिसाव्या मिनिटाला मागे फिरायचे. पंक्चर काढायला वीस मिनिटे धरा. वारा असेल तर जाताना तो समोरून घ्यावा, म्हणजे परतताना पाठीशी राहतो आणि बैठकीला उशीर होत नाही.

आणि संपादक महाराज, तो फोटो! त्यात चेन डावीकडे आहे, डिस्क उजवीकडे आहे, फ्रेमवरची अक्षरेही उलटी आहेत. फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला गेला आहे. चेनची बाजू वर ठेवा म्हणजे कोणती, हे नवखा माणूस याच फोटोवरून ठरवणार. पुढच्या अंकात निदान तो तरी सुलटा करून छापावा आणि पेडलची दुरुस्ती त्याच पानावर द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक