सोलर बदलण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गच्चीवरच्या सोलरचे पाणी कोमट येते म्हणून बोलावलेल्या माणसाने ‘टाकीसकट सगळेच बदलावे लागेल’ असे सांगून २८,००० रुपयांचा आकडा लिहून दिला आणि शनिवारपर्यंत निम्मी रक्कम आगाऊ मागितली, हे काल तुमच्याकडून कळले. फोनवर मी समजावू लागले की बाबा नुसते ‘हो, हो’ म्हणतात आणि आई मध्येच जेवलीस का ते विचारते, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आगाऊ रक्कम तूर्त देऊ नये, ही विनंती.

रक्कम मोठी आहे एवढ्यावरून माझा आक्षेप नाही. नवी यंत्रणा बसवायची तर तेवढा खर्च येऊही शकतो. परंतु तुम्ही पाठवलेल्या फोटोत, त्या चिठ्ठीवर, नेमके काय बिघडले याचा एक शब्दही नाही, आणि बिघाड ठाऊक नसताना दुरुस्तीचा भाव वाजवी की अवाजवी हे ठरवायला काही आधारच उरत नाही. तेव्हा आधी बिघाड शोधू.

सर्वांत सोपी परीक्षा दुपारी चारच्या सुमारास, स्वच्छ ऊन पडलेल्या दिवशी करता येते. टाकीतून गरम पाणी जिथून बाहेर पडते, तिथेच थोडे पाणी बादलीत काढून घ्यायचे. ते कढत असेल आणि बाथरूमच्या नळाला मात्र कोमट येत असेल, तर टाकी आणि सोलरच्या काचेच्या नळ्या आपले काम चोख करीत आहेत आणि दोष खालच्या पाइपलाइनमध्ये आहे. असे बहुधा मिक्सरमुळे होते. शॉवरचा मिक्सर दोन्ही बाजूंनी उघडा ठेवून पाणी फक्त पुढे हातात धरायच्या शॉवरच्या चावीने बंद केले, तर गार पाणी गरम पाण्याच्या लाइनीत शिरते आणि घरभर कोमट पाणी येऊ लागते; ते अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह खराब झाला असेल तरी हेच घडते. आई, पाहुण्यांच्या बाथरूममध्ये मागच्या महिन्यात नवा मिक्सर बसवलास, त्याच्याकडे माझा पहिला संशय जातो. त्यासाठी टाकी बदलण्याचे काहीच कारण नाही.

टाकीतच पाणी कोमट असेल, तर नळ्या पाहाव्या लागतील. आपल्या प्रत्येक नळीला काचेचे दोन पदर आहेत आणि त्यांच्यामध्ये निर्वात पोकळी आहे. नळीच्या खालच्या टोकाला चांदीसारखा चकचकीत पट्टा असतो. पोकळीत हवा शिरली की तो दुधासारखा पांढरा पडतो. तुम्ही दोघांनीही गच्चीवर चढू नये. वॉचमनला वर पाठवून वीसही टोकांचे फोटो काढायला सांगा. पांढऱ्या पडलेल्या नळ्या तेवढ्याच बदलता येतात. मात्र हे काम सकाळी, ऊन तापण्याआधी करायला हवे, कारण दुपारी तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी सोडले की ती तडकते. ही गोष्ट कारागीर आपणहून सांगतो का, याकडे लक्ष ठेवा. त्यावरून त्याची जाण कळते.

तिसरी शक्यता क्षारांची. खडकवासल्याचे पाणी मृदू असते, पण उन्हाळ्यात सोसायटीत जे टँकर येतात, ते बोअरचे पाणी आणत असतील, तर नळ्यांत आणि टाकीत पांढरा थर साचतो. तो काढून सफाई करता येते, आणि तिचा खर्च नव्या यंत्रणेच्या खर्चाजवळही जात नाही. टाकी आतून गंजून गळू लागली असेल, तर मात्र बदलणेच इष्ट, आणि तसे असेल तर मीच पैसे पाठवीन.

बाबा, आता थोडे स्पष्ट लिहिते. नेहमीच्या प्लंबरने पाहून जाण्याचे पैसे मागितले, तेव्हा तुम्ही ‘काही केलेच नाही, तर पैसे कसले’ म्हणालात. हत्यारांची पिशवी घेऊन चार मजले चढून, सगळे तपासून, ‘काही बदलू नका’ असे सांगणारा माणूस आपले बरेच पैसे वाचवतो. त्या तपासणीचे पैसे आपण दिले नाहीत, तर तो ते कुठल्यातरी पार्टमधून वसूल करणार, आणि मग गरज नसलेला पार्ट बदलला जाणार. त्याला पुन्हा बोलवा, व्हिजिटचे पैसे घासाघीस न करता द्या, आणि त्याचे माझ्याशी फोनवर बोलणे करून द्या.

त्यानंतर जो कोणी काम करील, त्याच्याकडून सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्यावी. पाकीटबंद सामानावर छापील किंमत असते, ती पाहावी, आणि काढलेला जुना भाग घरीच ठेवून घ्यावा. १८ टक्के जीएसटी लावला असेल, तर बिलावर पंधरा अक्षरांचा नोंदणी क्रमांक हवा. महाराष्ट्रातला तो २७ ने सुरू होतो. छोट्या कारागिराची नोंदणी नसेल, तर त्यात गैर काही नाही, पण मग त्याला करही लावता येत नाही. कंपनीचा माणूस बोलवायचा झाल्यास नंबर टाकीवरच्या स्टिकरवरून किंवा वॉरंटी कार्डावरून घ्यावा, गूगलवर शोधू नये. तिथे खोटे नंबर फार असतात.

तोवर गीझर वापरा. त्याची कॉइल गेली असे कोणी म्हणाले, तर विद्युतरोध मोजणारा मीटर लावून दाखवायला सांगा. २,००० वॉटच्या चांगल्या कॉइलला साधारण २६ ओहम दाखवतो. नवी कॉइल घ्यावीच लागली, तर तपकीर गल्लीत दोन दुकानांत भाव विचारून मगच घ्या.

चिठ्ठी देणाऱ्याने आगाऊ रकमेसाठी तगादा लावला, तर ‘मुलगी बघते आहे’ एवढेच सांगा. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण तिथवर जाण्याची वेळ येईल असे मला वाटत नाही. टाकीजवळच्या पाण्याचे काय झाले ते आणि नळ्यांचे फोटो तेवढे आधी पाठवा.

तुमची लेक