लम्पीचा पूर्ण जनुकीय क्रम तपासा

संपादक महाशय,

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे पुन्हा लम्पीची, म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य आजाराची, धास्ती सुरू होते. गाठीवरची खपली काढून नमुना औंधच्या किंवा भोपाळच्या प्रयोगशाळेत जातो, 'पॉझिटिव्ह' एवढा शेरा येतो आणि विषय संपतो. हा विषाणू गेल्या वर्षीचाच की बदललेला, आला कुठून, हे शेतकऱ्याला कळत नाही आणि गावच्या पशुवैद्यकालाही नाही. पशुसंवर्धन खात्यात उमेदीची वर्षे घालवल्यामुळे हे मला फार खटकते.

रशियात काय झाले ते पाहावे. 2017 मध्ये तिथल्या साराटोव्ह भागात सापडलेला लम्पीचा विषाणू एका जनुकावरून लसीतला वाटे, तर दुसऱ्यावरून बाहेर फिरणारा. त्याचा पूर्ण जनुकीय क्रम, म्हणजे त्याच्या डीएनएची सुमारे दीड लाख अक्षरे, वाचला तेव्हा कोडे सुटले. काही अंतर तो लसीतल्या विषाणूशी जुळतो, मग एकदम केनियातल्या जुन्या विषाणूशी जुळू लागतो, पुढे पुन्हा लसीकडे वळतो. एकाच पेशीत दोन्ही विषाणू शिरले, प्रती निघताना त्यांचे तुकडे एकमेकांना जोडले गेले आणि तिसराच तयार झाला. असे संकरित विषाणू पुढे चीन, व्हिएतनाम, थायलंडमध्येही आढळले. हे दोन विषाणू एकत्र आले कुठे, याचा संशय एका लसीकडे जातो. रशियाशेजारच्या कझाकस्तानात वापरलेली ही लस केनियात बनलेली होती. बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी ती तपासली, तेव्हा तिच्यात लम्पीचे दोन प्रकार आणि शेळ्यांच्या देवीचा विषाणू अशी भेसळ निघाली. 2022 मध्ये हे प्रसिद्ध झाले.

यावरून लसच नको, असा अर्थ कोणी काढू नये. लस टोचलीच पाहिजे. पण आपल्याकडे लम्पीसाठी टोचली जाणारी गोट पॉक्स लस, म्हणजे शेळ्यांच्या देवीची लस, जिवंत विषाणूची आहे, आणि हिसार व इज्जतनगरच्या संस्थांनी विकसित केलेली लम्पी-प्रोव्हॅक तर लम्पीच्याच विषाणूला कमकुवत करून बनवली आहे. मग लस घेतलेल्या जनावराला गाठी आल्या, तर त्या कशाने आल्या याचे उत्तर पूर्ण क्रम वाचल्याशिवाय कसे मिळणार?

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने हे काम करून दाखवले आहे. 2022 च्या साथीत देशात दोन वेगळे प्रकार फिरत होते: एक 2019-20 मधल्या रांची-हैदराबादच्या विषाणूसारखा, दुसरा रशियातल्या 2015 च्या विषाणूशी मिळताजुळता. पण त्यासाठी महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, कर्नाटक मिळून नमुने होते अवघे 22! त्याच वर्षी करोनाचा एक्सबीबी हा दोन उपप्रकारांच्या संकरातून आलेला विषाणू ओळखता आला, कारण माणसांचे नमुने सातत्याने वाचले जात होते. गाईच्या दुधावर ज्यांचे घर चालते, त्यांच्यासाठी एवढी तरी तजवीज व्हावी.

राज्य सरकारने दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून काही नमुन्यांचा पूर्ण क्रम काढावा. लसीनंतर आजारी पडलेली जनावरे आणि वासरे यांचे नमुने त्यात आधी घ्यावेत. निष्कर्ष तालुक्याच्या दवाखान्यात मराठीत लावावेत. आणि लसीकरण पथकाला सुया पुरेशा द्याव्यात. एकाच सुईने अख्खा गोठा टोचलेला मी पाहिला आहे, त्यात अंगात ताप असलेली गायही होती. अशाने आजारी गाईतला विषाणू लसीतल्या विषाणूसोबतच दुसऱ्या जनावरात जाऊ शकतो.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, संगमनेर