फोन ठेवा, नंबर तेवढे द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी तापीकाठचा केळी उत्पादक. आमच्या गावातल्या बारा जणांचा माल एका व्यापाऱ्याने कापून नेला. इसार म्हणून थोडे पैसे दिले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. सगळा व्यवहार माझ्याच फोनवरून झालेला. कोणत्या दिवशी कटाई, बऱ्हाणपूरच्या बोर्डापेक्षा, म्हणजे तिथल्या केळी बाजारात जाहीर होणाऱ्या भावापेक्षा, किती जास्त भाव, काटापावतीचे फोटो, गाडी भरतानाचे फोटो आणि शेवटी त्याचा तो आवाजी मेसेज, "दादा, उद्या टाकतो." तपासी अंमलदार म्हणाले, हा पुरावा आहे, फोन जमा करावा लागेल. मी आनंदाने दिला. दोन पंच, पंचनामा, पाकीट, लाखेचं सील. आठ दिवसांत मिळून जाईल, असं सांगितलं. तेव्हा चैत्र होता, आता आषाढ लागलाय. गावात चावडीवर म्हणतात, व्यापारी मोकळा आणि नानांचा फोन आत.

ठाण्याच्या बाहेर मोटारसायकलपाशी आलो. घरी कळवावं म्हणून चहावाल्याचा फोन मागितला आणि हातात घेऊन तसाच उभा राहिलो. बायकोचा नंबर पाठ नव्हता. मुलाचा नव्हता, भावाचा नव्हता. मला दोनच नंबर येत होते. एक माझा स्वतःचा, जो पाकिटात सील झालेला. दुसरा आमच्या घरच्या जुन्या लँडलाइनचा, जो बंद होऊन पंधरा वर्षं झाली. चहावाल्याला फोन परत दिला आणि घरी आलो.

घरी बायकोच्या फोनमध्ये चाळीसेक नंबर. त्यातले तीस तिच्या माहेरचे. माझ्या कामाचे नंबर वेगळेच. कटाईच्या टोळीचा मुकादम, ठिबकवाला, मोटार भरून देणारा, वायरमन, टिश्यूच्या रोपांचा एजंट, ट्रॅक्टरवाला. माझ्या फोनमध्ये ही माणसं नावाने नाहीतच. "काटा", "वायरमन नवा", "टोळी नदीपलीकडची" असं लिहिलेलं. त्यांची खरी नावं मला अजून माहीत नाहीत. मग विचारायचं तरी कोणाला आणि काय सांगून?

सगळ्यात हाल झाले ते मोटारीचे. विहिरीवर मोबाइल स्टार्टर बसवलेला आहे. स्टार्टरमधल्या सिमवर मिसकॉल दिला की मोटार चालू, पण तो ज्याचा नंबर नोंदवलाय त्याच्याच फोनवरून घेतो. नोंदवलेला नंबर पोलिसांकडे आणि स्टार्टरचा नंबरही त्याच फोनात. वैशाखाचं ऊन, थ्री फेज लाइट रात्रीची. पाणी चुकलं तर घड निसवायच्या आत बाग मोडते. सव्वा महिना रात्री बाराला उठून बॅटरी घेऊन शेतात गेलो आणि हाताने बटण दाबलं. आमच्या शिवारात बिबट्या दिसतो, हे शहरातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. शेवटी एके दिवशी पेटी साफ करताना झाकणाच्या आतल्या बाजूला स्टार्टरचा नंबर दिसला. बसवणाऱ्या फिटरने खिळ्याने कोरून ठेवला होता. त्या पोराचे उपकार.

आता नंबर परत मिळवण्याचं सांगतो, कारण ही वेळ कोणावरही येऊ शकते.

दुसरं सिम घ्यायला मोबाइल कंपनीच्या दुकानात गेलो. तिथला पोरगा म्हणाला, "काका, हरवल्याचा दाखला आणा." मी म्हटलं, हरवला नाही, जप्त आहे. तो म्हणाला, "मग हरवला असं लिहा ना, ऑनलाइन पाच मिनिटांत होतं." म्हणजे ज्या पोलिसांकडे मी फसवणुकीची तक्रार दिली, त्यांनाच मी खोटं लिहून द्यायचं! मी नाही लिहिलं. वकिलांच्या सल्ल्याने तपासी अंमलदारांना साधा अर्ज दिला. फोन सिमसह जप्त आहे, त्याच क्रमांकाचं दुसरं सिम घेत आहे, माहितीसाठी. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली. ती पोच आणि पंचनाम्याची प्रत दाखवल्यावर वरच्या साहेबाला विचारून त्या पोराने सिम दिलं. हे अर्ज-पोच प्रकरण सतरा दिवस चाललं. खरं काम दहा मिनिटांचं, अंगठा आणि फोटो.

नवीन सिम चालू झालं तरी पहिले 24 तास त्यावर मेसेज येत नाहीत. नियमच तसा आहे, परस्पर सिम बदलून लोकांची खाती लुटतात म्हणून केलेला. नियम योग्य आहे. पण त्या दिवशी मी बँकेत ओटीपीची वाट बघत तासभर बसलो, हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग मुलगा पुण्याहून आला. त्याने नव्या फोनवर माझं गुगल खातं उघडायला घेतलं, तर पडद्यावर आलं की तुमच्या फोनवर सूचना पाठवली आहे, तिथे "होय" दाबा. तो फोन मुद्देमालाच्या खोलीत! दुसऱ्या मार्गाने, सिमवर कोड मागवून खातं उघडलं आणि निम्मे नंबर परत आले. उरलेले निम्मे नुसत्या फोनच्या मेमरीत साठवलेले होते, ते आले नाहीत. "टोळी नदीपलीकडची" त्यातच गेली. व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू करायला मात्र वकिलांनी थांबवलं. तसं केलं की जुन्या फोनवरचं बंद पडतं. पुरावा तोच आहे, आधी लेखी कळवा, म्हणाले. तेही कळवलं. उत्तर नाही.

पोलिसांची बाजूही मला समजते. सील झाल्यावर फोन उघडला तर आतल्या नोंदी बदलतात, आणि समोरचा वकील कोर्टात तेच धरून बसेल. प्रयोगशाळेत फोनची जशीच्या तशी नक्कल काढतात, तिला हॅश व्हॅल्यू नावाचा आकडा असतो आणि एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी तो बदलतो. म्हणून नंतर जाऊन "साहेब, जरा नंबर बघू द्या" म्हणण्यात अर्थ नाही, हे मला तीन खेपा घातल्यावर कळलं. जे करायचं ते सील लावण्याआधीच करायला हवं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 105 प्रमाणे, जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. मग त्याच कॅमेऱ्यासमोर, पंचांदेखत, फोनच्या मालकाला पंधरा-वीस नंबर कागदावर उतरवून घेऊ द्यायला काय अडचण आहे? कलम 497 मध्ये तर कोर्टासमोर आलेल्या मुद्देमालाचं वर्णनपत्र 14 दिवसांत तयार करायचं आणि त्यानंतर 30 दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा आदेश द्यायचा, असं म्हटलंय. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगितलं होतं की जप्त वस्तू पंधरा दिवस, फार तर महिना, याहून जास्त ठाण्यात पडून राहू नयेत. तेव्हा प्रश्न गाड्या-दागिन्यांचा होता. गाडी पडून राहिली तर गंजते, इतकंच. फोनचं तसं नाही. प्रीपेड सिम 90 दिवस वापरलं नाही आणि खात्यात 20 रुपयेही नसले तर नंबर बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. आधार, बँक, पीएम किसान सगळं त्याच नंबरावर. नोव्हेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला फोन-लॅपटॉपच्या जप्तीबाबत मार्गदर्शक सूचना करायला सांगितलं होतं, पण ते पत्रकारांच्या प्रकरणात. शेतकऱ्याचं दफ्तरही आता फोनमध्येच असतं.

सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, फोन मिळावा म्हणून मी न्यायालयात अर्ज केला आहे. तारीख पुढच्या महिन्यातली आहे. त्यावर मला इथे काही म्हणायचं नाही.

माझी मागणी जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या पोलीस अधीक्षकांकडे आहे. जप्ती पंचनाम्याच्या नमुन्याला एक जादा पान जोडा. त्यावर मालकाने लिहून घेतलेले नंबर, पंचांच्या सह्या आणि शेवटी एक ओळ, "वरील क्रमांकाचे दुसरे सिम देण्यास हरकत नाही." तपासात सिम लागत नसेल तर ते जागीच काढून मालकाच्या हातात द्या. आरोपींचं काय करायचं ते पोलीस ठरवतील. तक्रारदार आणि साक्षीदारांपासून तरी सुरुवात करता येईल.

आपला,
एक केळी उत्पादक, जि. जळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)