काकू, पॅरिसचे जुने बाजार दाखवल्याबद्दल

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव छापायचं नाही, ही तुमची अट. ती पाळते आहे, म्हणून हे पत्र नुसतं ‘काकूं’ना. पॅरिसमधल्या मराठी मंडळींना ओळख पटायची ती पटेलच, त्याला माझा इलाज नाही. पण आभार मला सगळ्यांसमोर मानायचे आहेत. तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते चहा पिता पिता ‘थँक्यू काकू’ म्हणून फिटण्यातलं नाही.

आम्ही इथे आलो तेव्हा घर मिळालं ते अगदी रिकामं. इथे विनाफर्निचर घर म्हणजे खरोखरच चार भिंती. स्वयंपाकघरात एक सिंक, बाकी ओटा नाही, शेगडी नाही, आणि दिव्यांच्या जागी छतातून लोंबणाऱ्या वायरी. सगळं सामान एकाच मोठ्या दुकानातून खोक्यांत आणायचं आणि रविवारी बसून जोडायचं, असं आमचं ठरलंही होतं. तुम्ही यादी वाचलीत आणि म्हणालात, “अगं, थांब जरा. गादी नवी घे. बाकीचं शनिवारी बघू.”

आणि शनिवारी तुम्ही खरंच दारात उभ्या. हातात चाकांची पिशवी, खिशात टॉर्च आणि सुटे पैसे.

वांवचा बाजार शहराच्या दक्षिण टोकाला, चौदाव्या विभागात. तेरा नंबरच्या मेट्रोनं पोर्त द वांवला उतरायचं. शनिवार-रविवार सकाळी फुटपाथवर माल मांडतात आणि दुपार झाली की गुंडाळतात. हिवाळ्यात सातला तिथे मिट्ट काळोख असतो. व्हॅनमधून खोकी उतरत असतात आणि टॉर्चच्या उजेडात लोक त्यात वाकून बघत असतात. मला तर आधी कळेचना की यातलं विकायचं कुठलं आणि फेकायचं कुठलं. चमच्यांचे ढीग, दारांच्या पितळी मुठी, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, औषधांच्या निळ्या बाटल्या. तुम्ही मात्र आधी प्रत्येक विक्रेत्याला “बॉन्जूर मस्य”, “बॉन्जूर मादाम” म्हणत होतात, मगच वस्तूला हात लावत होतात. हे मी त्या दिवशी पाठ करून टाकलं. बॉन्जूर न म्हणता किंमत विचारली की माणूस तुटक होतो, आणि म्हटलं की तोच माणूस आपण न विचारताही सांगतो, “याला मागं एक टवका गेलाय हं.”

तुमचा पहिला नियम, वस्तू उलटी करून बघायची. बशी असेल तर मागचा शिक्का वाचायचा. क्रेई-मोंतरो, ज्यियां, सारग्मिन ही चिनी मातीच्या जुन्या कारखान्यांची नावं मला तिथेच वाचता यायला लागली. मग बशी बोटावर तोलून नखानं टिचकी मारायची. आई माठ वाजवून घेते तसंच: अखंड असेल तर खणखणीत वाजते, केसाएवढा तडा असला तरी आवाज बद्द येतो. काटे-चमचे चांदीचे म्हणून सांगितले तर मिनर्व्हा देवीचा शिरस्त्राण घातलेला इवलासा चेहरा शोधायचा. १८३८ पासून फ्रान्समध्ये अस्सल चांदीवर तो ठसा मारतात. जुन्या वस्तूवर शेजारी १ असेल तर हजारात ९५० भाग चांदी, २ असेल तर ८००. हे दाखवायला तुम्ही खिशातून भिंग काढलंत आणि तो विक्रेताही कौतुकानं आमच्याबरोबर वाकून बघायला लागला!

पण खरी शिकवणी झाली ती आमच्या खणांच्या कपाटाची. अक्रोडाच्या लाकडाचं, तीन खणांचं, वरून डाग पडलेलं. मी समोरून बघत होते, आणि तुम्ही सरळ मधला खण पूर्ण बाहेर काढून जमिनीवर पालथा घातलात. कोपऱ्यातले डव्हटेल जोड, म्हणजे दोन फळ्यांचे एकमेकींत अडकवलेले दाते, दाखवलेत. दाते मोजके, एक रुंद, एक अरुंद, आणि सुतारानं आखलेली रेघ अजून लाकडावर तशीच. मशीनवर कापलेले दाते सगळे सारखे असतात. तळाच्या फळीवरून माझा हात फिरवायला लावलात, तर डोळ्यांना सपाट दिसणारी फळी हाताला किंचित लाटालाटांची लागली. तो हातरंध्याचा माग. मग किडीची भोकं. तुम्ही तळहातानं दोन थापा मारल्यात आणि खाली काही पडतंय का ते पाहिलंत. ताजा फिकट भुगा पडला तर कीड जिवंत, सोडून द्यायचं. पडला नाही. शेवटी तुम्ही कपाटाच्या मागे गेलात आणि विक्रेत्याला अगदी गोड आवाजात विचारलंत, “पाठ नंतर बसवलेली आहे ना?” पाठीला प्लायवुड होतं. तो हसला, मान डोलावली आणि किंमत आपणहून खाली आणली. घासाघीस अशी झालीच नाही. वरून त्यानंच दुपारी बाजार उठल्यावर ते व्हॅनमधून आमच्या दारापर्यंत पोचवलं.

घरी आल्यावर मेणाचा डबा घेऊन तुम्ही फरशीवर बसलात. व्हार्निश नको म्हणालात. जुन्या लाकडावर मेण, आणि तेही सुती फडक्यानं, रेषेच्या दिशेनं. संध्याकाळपर्यंत वरचा डाग गेला नाही, पण लाकडाचा रंग असा काही वर आला की डाग शोधावा लागत होता.

तांब्याच्या पातेल्याबद्दल तर वेगळं पत्र लिहायला हवं. जाड पत्रा, लोखंडी दांडा, आतून मात्र काळंकुट्ट आणि मधेच लालसर. दोन गिऱ्हाइकांनी उचलून परत ठेवलेलं. तुम्ही आत बोट फिरवलंत आणि म्हणालात, “कल्हई गेलीय, एवढंच.” आजीच्या वाड्यासमोर कल्हईवाला बसायचा, नवसागराचा धूर निघायचा, ते मला लख्ख आठवलं. इथेही तांब्याच्या भांड्यांना आतून कथलाचाच मुलामा देतात आणि तो पुन्हा करून देणारे कारागीर अजून आहेत. नॉर्मंडीतलं व्हिल्दियू-ले-पोएल हे सबंध गाव तांब्याच्या भांड्यांसाठी नावाजलेलं आहे. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून असं पातेलं रिकामं कधीही आचेवर ठेवायचं नाही, हे तुम्ही सांगितलंत ते मी दारावर चिकटवून ठेवलंय. आता त्यात रोज दूध तापतं. खाली लागत नाही, कारण तांबं आच सगळीकडे सारखी पसरवतं.

मग तुम्ही मला ए. दअलरांमध्ये नेलंत, शहराच्या मध्यभागी, ले आलजवळ. १८२० पासूनचं स्वयंपाकाच्या भांड्यांचं दुकान. घासलेल्या जुन्या लाकडी फडताळांवर पातेली, झारे, साचे छतापर्यंत. विकत काही घेतलं नाही. नव्या पातेल्याचं वजन हाताला कळावं, म्हणजे जुन्याची किंमत कळेल, एवढ्यासाठीच नेलं होतंत. रू द्यू बाक या रस्त्यावरचं देरोल तर मी जन्मात विसरणार नाही. खाली बागकामाची अवजारं, आणि जिना चढून वर गेलं की पेंढा भरलेले झेब्रा, सिंह, मोर, फुलपाखरांचे खण. १८३१ सालची ही संस्था शाळांसाठी प्राण्यांचे आणि वनस्पतींचे तक्ते छापायची. २००८ मध्ये आगीत बरंचसं जळालं, तरी पुन्हा उभं राहिलं. आमच्या मुलीच्या खोलीत जो मधमाशीचा तक्ता आहे, तो त्या दिवशी तुम्ही तिच्यासाठी घेतलात. तिला तो सगळा पाठ आहे.

सँत-उआँच्या मोठ्या जुन्या बाजारात तुम्ही मुद्दाम उशिरा नेलंत, डोळा तयार झाल्यावर. चार नंबरच्या मेट्रोनं पोर्त द क्लिन्यांकूर, मग बुटांच्या आणि जॅकेटांच्या गर्दीतून रिंगरोडच्या पुलाखालून पलीकडे. बरेच जण तिथूनच परत फिरतात आणि म्हणतात, काही खास नाही. खरा बाजार रू दे रोझिएच्या दोन्ही अंगांना आहे. चालता चालता तुम्ही सांगत होतात, कचरा आणि चिंध्या वेचून पोट भरणारे लोक शहराबाहेरच्या या मोकळ्या जागेत माल मांडायचे. १८८४ मध्ये पॅरिसच्या प्रीफेक्टनं, म्हणजे सरकारी प्रशासकानं, घरोघरी झाकणाचे डबे सक्तीचे केले, तेव्हा त्यांचा धंदा आणखीच अवघड झाला. १८८५ हे या बाजाराचं जन्मसाल मानतात. पुढे १९२० मध्ये व्हेर्नेझों, १९२५ मध्ये बिरों असे एकेक बंदिस्त बाजार उभे राहिले. आज बिरोंमध्ये सोनेरी आरसे आणि झुंबरं आहेत, शेजारच्या पोल बेर बाजारात विसाव्या शतकातल्या डिझायनरांच्या खुर्च्या, किमती ऐकून मागं सरकावं अशा. तरी तुम्ही दोन्हीकडे तास तास थांबवलंत. उत्तम काम कसं दिसतं ते फुकट बघायला मिळतं, एवढं साधं तुमचं म्हणणं, आणि मला ते शंभर टक्के पटतं. आमची खरेदी झाली ती तिथल्याच ज्यूल व्हालेस बाजारात, जिथे माल खोक्यांत असतो आणि हात काळे होतात.

तिथेच चादरी मिळाल्या. जुन्या, जाड लिननच्या, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं दोन अक्षरं भरलेली. मुली लग्नाआधी आपल्या रुखवतासाठी अशी अक्षरं भरायच्या. चादरीच्या बरोबर मधोमध वरपासून खालपर्यंत शिवण. मला वाटलं फाटलेली आहे. माग अरुंद असायचे म्हणून दोन पट्टे जोडून चादर व्हायची, हे तुम्ही दाखवलंत. शिवणीचे टाके इतके बारीक की बोटाला लागत नाहीत. तुम्ही त्यांचे पडदे शिवून दिलेत, आणि ती अक्षरं खाली झाकली जाऊ नयेत म्हणून एका पडद्याची दुमड उलट्या बाजूला घातलीत. त्या मुलीची आठवण कुणीतरी ठेवायला हवी, म्हणालात.

जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या थोनेट कंपनीच्या, वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाच्या. १८५९ चं ते १४ नंबरचं मॉडेल सहा तुकड्यांचं, दहा स्क्रू आणि दोन नट, आणि ३६ खुर्च्यांचे सुटे भाग एक घनमीटर खोक्यात मावायचे. त्या आम्हाला एमाउसमध्ये मिळाल्या. आबे पिएरनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेत लोक जुनं सामान दान देतात आणि त्याच्या विक्रीवर तिथल्या निराधार माणसांचं काम आणि निवारा चालतो. बाजारात चढ्या भावानं खुर्च्या घेण्याऐवजी तुम्ही मला तिथे नेलंत, याचं मोल मला आता जास्त कळतं.

काकू, हे सगळं सामानाबद्दल झालं. पण त्या हिवाळ्यात मला घरापेक्षा माणसांची गरज होती. हे ऑफिसला, मुलगी शाळेत, आणि मी फ्रेंचच्या वर्गात मान खाली घालून बसलेली. वर्गात न सुटलेली जीभ वांवच्या फुटपाथवर सुटली. ‘हे कुठून आलं?’, ‘कशासाठी वापरायचे?’ एवढे दोन प्रश्न तुम्ही शिकवलेत आणि बाजूला उभ्या राहिलात. मी अडखळले तरी मध्ये पडला नाहीत. समोरची बाई मग आपल्या आजीच्या कॉफीच्या दळणयंत्राबद्दल सांगत राहिली आणि मला निम्मंच कळलं, पण मी उभी होते आणि विचारत होते. आज ती मला लांबून हात करते. या शहरात मला नावानं ओळखणारी ती पहिली फ्रेंच व्यक्ती.

आणि तुम्ही नको म्हणालात ते सांगायचं राहिलं. हस्तिदंती मुठीच्या सुऱ्यांचा तो सुंदर संच मी हातात घट्ट धरून ठेवला होता. तुम्ही शांतपणे परत ठेवायला लावलात. युरोपात १९४७ आधीच्या हस्तिदंताची वस्तूही आता प्रमाणपत्राशिवाय विकता येत नाही, आणि भारतात नेण्याचा तर विचारच नको. “कायदा सोड,” म्हणालात, “हत्तीचा विचार कर.” त्यासाठीही आभार.

आता एक आग्रह. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी उत्तरेकडच्या लील शहरात ब्रादरी हा जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो, सगळं शहर रस्त्यावर माल मांडून बसतं आणि हॉटेलांसमोर शिंपल्यांच्या टरफलांचे ढीग लागतात. तुम्ही दर वर्षी म्हणता आणि दर वर्षी राहून जातं. गार द्यू नॉर स्टेशनवरून रेल्वेनं जेमतेम तासाचा प्रवास आहे. तिकिटं मी काढते आहे, पहाटेची. गुडघ्याचं कारण चालणार नाही, चाकांची पिशवी मी ओढेन. तुम्ही फक्त भिंग घ्या. काकांना डबा करून ठेवते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची