बाज उचलणारे चौघे

पुणे,
रविवार, रात्री दहा

प्रिय आई आणि पप्पा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे सगळं फोनवर बोलणार होते. पण फोनवर आई "बरं बरं" म्हणते आणि विषय शेळीकडे नाहीतर पावसाकडे नेते. म्हणून लिहिते आहे. पप्पा, तुम्ही हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा. एका दमात नको, दोन-तीन संध्याकाळी लागल्या तरी चालेल. आणि जिथं शास्त्रातला उतारा येईल तिथं पत्र बाजूला ठेवून तो उतारा आधी वाचा.

मागच्या महिन्यात मी आले होते तेव्हा आई ओट्यावर बसून जे बोलली ते माझ्या मनातून जात नाही. "माझाच विश्वास कमी पडला गं, नाहीतर प्रभूनं मला ह्या डोळ्यांच्या दुखण्यातून मोकळं केलं असतं." त्या चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेनं रोग बरे करण्याच्या सभेत, तिथल्या माणसानं तुझ्या डोक्यावर हात ठेवून तुला विचारलं, "दिसतंय ना?" सगळे बघत होते, म्हणून तू "हो" म्हणालीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तुला सांगितलं की आता काचबिंदूचे थेंब घातलेस तर तो अविश्वास होईल. तीन आठवडे तू थेंब घातले नाहीस आणि पप्पांनाही कळू दिलं नाहीस. डोळ्याचा दाब 15 वरून 28 वर गेला. उजव्या डोळ्याची कडेची जी थोडी नजर उरली होती, तीही गेली. काचबिंदूत गेलेली नजर औषधानं परत येत नाही हे मी नर्स म्हणून इतरांना किती वेळा सांगितलंय. घरच्या माणसाबद्दल ते ऐकताना पाय लटपटले.

आई, मी तुझ्यावर रागावले नव्हते. त्या शब्दांवर रागावले होते. रागात काही बोलून जाऊ नये म्हणून मी अभ्यासाला बसले. आमच्या मंडळीत दर बुधवारी शुभवर्तमानांचा, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान ह्या येशूविषयीच्या चार पुस्तकांचा, वर्ग असतो. पाळकबाईंना मी विचारलं, आपण रोग बरे करण्याचे चमत्कार एकेक करून घेऊ या का? त्या हो म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक चमत्काराखाली मी एकच प्रश्न लिहिते आहे: इथं जो बरा झाला, त्याचा स्वतःचा विश्वास किती होता?

सगळ्यात आधी मार्कचा दुसरा अध्याय. कफर्णहूममधलं घर, दारात गर्दी, आणि चौघांनी बाजेवर उचलून आणून, छप्पर उसकटून खाली सोडलेला पक्षघाती. पप्पा, तिथली घरं आपल्या आजोबांच्या घरासारखीच होती. काळ्या दगडाच्या भिंती, वर लाकडं, त्यांवर फांद्या आणि माती. म्हणजे धाबंच. तुम्ही दर उन्हाळ्यात धाब्यावर पांढरी माती टाकायचात आणि मी खालून पाट्या द्यायचे. त्यामुळे "छप्पर उसकटलं" हे वाचताना मला ते दिसतं. ती माती आत बसलेल्यांच्या डोक्यांवर पडली असेल, प्रभूच्या केसांतही. लूक मात्र कौलं म्हणतो. त्याच्या वाचकांची घरं वेगळी असणार, त्यांना कळेल असं त्यानं लिहिलं. मी मात्र अडकले ते पुढच्या वाक्यात: "त्यांचा विश्वास पाहून" येशू त्या पक्षघात्याशी बोलला. "त्यांचा", म्हणजे बाज धरणाऱ्यांचाही. बाजेवरचा माणूस एक शब्द बोलल्याचं मार्क सांगत नाही. त्याचा विश्वास किती होता हे कोणी मोजलंच नाही. इतरांनी त्याला उचलून आणलं, तेवढं पुरलं.

मग पुढे पाहत गेले. नाईन गावाच्या वेशीवरची विधवा. तिनं काही मागितलं नव्हतं, ती आपल्या मुलाच्या प्रेतयात्रेत चालली होती. येशूनं तिला पाहिलं, त्याला कळवळा आला, त्यानं तिरडीला हात लावला आणि मुलगा उठून बसला. तिरडीवरच्या मुलाच्या विश्वासाचं काय मोजणार? तशीच गेथशेमाने बागेतली रात्र. प्रमुख याजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान तुटला. तो तर येशूला धरून न्यायला आलेल्यांतला होता. त्याचा कान बरा केल्याचं एकटा लूक सांगतो. अटक होताना प्रभूनं केलेलं ते बरेपण मला अलीकडे फार आठवतं.

आणि योहानाच्या पाचव्या अध्यायातलं बेथेस्दा. पाच पडव्यांचं तळं. पप्पा, तुम्हाला जुन्या बांधकामांची आवड आहे म्हणून सांगते, यरुशलेममध्ये संत अन्नाच्या चर्चशेजारी उत्खननात ही जागा सापडली आहे. दोन कुंडं आहेत आणि त्यांच्यामध्ये बांध. चारही बाजूंना चार पडव्या आणि बांधावर पाचवी, असा हिशोब लागतो. तिथं 38 वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशू विचारतो, तुला बरं व्हायचंय का? तो साधं "हो"सुद्धा म्हणत नाही. पाणी हललं की आधी उतरणारा बरा होतो असा तिथं समज होता. मला पाण्यात सोडायला कोणी नाही, दुसराच माझ्या आधी उतरतो, अशी तक्रार तो सांगतो. बरा झाल्यावरही आपल्याला कोणी बरं केलं हे त्याला ठाऊक नव्हतं. विश्वासाची कबुली नाही, नावाचा पत्ता नाही, तरी तो बाज उचलून चालायला लागला.

हे लिहिताना पडव्यांत मागे राहिलेले लोक माझ्या डोळ्यांपुढे येतात. आंधळे, लंगडे, लुळे, असा मोठा समुदाय होता असं योहान लिहितो. त्या दिवशी एकच उठला. बाकीच्यांचा विश्वास कमी होता, असं योहान लिहीत नाही. हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. एकच का, ह्याचं उत्तर तो देत नाही, आणि मीही तुला देणार नाही. जिथं योहान गप्प राहिला, तिथं त्या सभेतल्या माणसानं उत्तर ठोकून दिलं आणि ते तुझ्या माथी मारलं, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता तू म्हणशील, "तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं आहे" असं प्रभू म्हणाला ना? म्हणाला. 12 वर्षं रक्तस्राव होत असलेल्या बाईला म्हणाला, आंधळ्या बार्तीमयाला म्हणाला, दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानायला परत आलेल्या त्या परक्या शोमरोन्याला म्हणाला. पण हे तिघंही बरे झालेले होते किंवा होत होते. जो बरा झाला नाही त्याला बोलावून "तुझा विश्वास तोकडा पडला" असं तो म्हणाला, अशी एकही गोष्ट मला चारही शुभवर्तमानांत सापडली नाही. नासरेथचा, म्हणजे येशूच्या स्वतःच्या गावचा, उतारा मी मुद्दाम तपासला. तिथं लोकांच्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटलं. पण थोड्याशा रोग्यांवर हात ठेवून त्यानं त्यांना तिथंही बरं केलं. आणि "अल्पविश्वास" हा शब्द मत्तयाच्या सतराव्या अध्यायात कोणाला लागला आहे बघ. फेफरेकरी मुलाला नाही, त्याच्या बापालाही नाही. ज्यांना त्याला बरं करता आलं नाही त्या शिष्यांना!

त्या बापाची गोष्ट मार्कनं जास्त सांगितली आहे, नवव्या अध्यायात. पप्पा, ती आज रात्रीच वाचा. "तुम्हाला काही करता येत असेल तर" अशी त्याची सुरुवात. मग तो ओरडतो: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास काढून टाका. एकाच वाक्यात दोन्ही. एवढ्यावर त्याचा मुलगा बरा झाला. आई, तुझी पहाटेची प्रार्थना मी लहानपणापासून गोधडीतून ऐकली आहे. तुझ्यापाशी त्या बापाएवढंही नव्हतं असं कोणी म्हणालं तर मी कसं मानू?

आता त्या रक्तस्रावाच्या बाईबद्दल थोडं. तिनं पुष्कळ वैद्यांच्या हातून हाल सोसले, होतं नव्हतं ते खर्च केलं आणि दुखणं वाढतच गेलं, असं मार्क लिहितो. वॉर्डात अशा बायका मी रोज बघते. तिला येशू "मुली" म्हणतो. सभास्थानाचा अधिकारी याईर, त्याची 12 वर्षांची मुलगी घरी शेवटच्या घटका मोजते आहे, बाप घाई करतो आहे, आणि हा रस्त्यात थांबून ह्या बाईचं सगळं ऐकून घेतो. तिचं दुखणं नेमकं ती मुलगी जगली तितक्याच वर्षांचं.

कळवळा ह्या शब्दावर आम्ही एक अख्खा बुधवार घालवला. मूळ ग्रीक क्रियापद पोटातल्या आतड्यांवरून आलेलं आहे. आपल्याकडे आतडं तुटतं म्हणतात ना, तेच. पाळकबाई म्हणाल्या, हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मार्कच्या पहिल्या अध्यायात कुष्ठरोगी गुडघे टेकतो तेव्हा येशूला कळवळा येतो आणि तो हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. तो अजून अशुद्ध असताना. ज्याला किती काळ कोणी शिवलं नसेल त्याला आधी स्पर्श, मग शब्द. एका जुन्या ग्रीक हस्तलिखितात ह्याच जागी कळवळ्याऐवजी "रागावून" असा शब्द आहे. तो राग रोगावर होता, की त्या माणसाला वाळीत टाकणाऱ्या रीतीवर, ह्यावर अभ्यासक अजून विचार करतात. मला मात्र त्यानं आधार वाटला. तुझा दाब 28 झाल्याचं ऐकून माझ्या पोटात जे झालं त्यात कळवळा कुठं संपला आणि राग कुठं सुरू झाला हे मलाही सांगता येणार नाही.

ज्या उताऱ्यासाठी हे पत्र लिहायला बसले तो आता. मार्कचा आठवा अध्याय, बेथसैदा. ही गोष्ट बाकी तिघांत नाही. लोक एका आंधळ्याला येशूकडे आणतात. येशू त्याचा हात धरतो आणि त्याला गावाबाहेर घेऊन जातो. मला हे चालणं फार आवडतं. खाचखळगे आले असतील तिथं त्यानं "इथं जपून" असं म्हटलं असेल, असं मला वाटतं. टाळ्या वाजवायला तिथं गर्दी नव्हती. त्याच्या डोळ्यांवर थुंकी लावून, हात ठेवून तो विचारतो, "तुला काही दिसतं का?" आई, तुला विचारला तोच प्रश्न! आणि तो माणूस खरं सांगतो: माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालणारी. म्हणजे नीट दिसत नाही. येशू त्याच्यावर चिडत नाही. "विश्वास धर, दिसतंय म्हण" असं सांगत नाही. तो पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो. त्या माणसाला खरं बोलायची मोकळीक होती. तुलाही त्या दिवशी "नाही दिसत" म्हणायची मोकळीक असायला हवी होती. प्रभूसमोर ती आहे. आजही आहे.

थेंबांचंही सांगते. जन्मापासून आंधळ्या माणसाच्या डोळ्यांना येशूनं थुंकीचा चिखल लावला आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवलं. तो माणूस चिखल लावलेल्या डोळ्यांनी तिथवर चालत गेला. त्या चिखलाला कोणी अविश्वास म्हणालं नाही. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेत पडलेल्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. लूकला तर प्रेषित पौल "प्रिय वैद्य" म्हणतो. आणि त्याच पौलाच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. आपला सोबती त्रफिम ह्याला तो मिलेत शहरात आजारी सोडून पुढे गेला. पौलाच्या विश्वासाला कोण नावं ठेवणार? आणि हे दुखणं कोणाच्या तरी पापामुळे आलं असं मावशी बोलली असेल, तर योहानाच्या नवव्या अध्यायातलं तिसरं वचन तिला ऐकवा. ह्यानंही पाप केलं नाही, ह्याच्या आईबापांनीही नाही. ते वचन मी पाठ केलं आहे.

तुझी नजर परत यावी म्हणून मी अजून रोज प्रार्थना करते. ते सोडलेलं नाही, सोडणारही नाही.

पप्पा, तुमच्याबद्दल लिहायचं राहिलं. पूर्वी तुम्ही मंडळीला जाताना आईच्या दहा पावलं पुढं चालायचात. परवा धाकट्या भावानं फोटो पाठवला, त्यात पायऱ्यांवर तुम्ही तिचा हात धरला आहे आणि दुसऱ्या हातात दोघांची गीतपुस्तकं. मी तो फोटो बेथसैदाच्या पानात ठेवला आहे. बाजेचे चार कोपरे मोजले तर एक तुमच्याकडे, एक भावाकडे, एक माझ्याकडे, आणि चौथा शेजारच्या काकूंकडे. त्या दुपारी येऊन डोळे बघून जातात, त्यांना माझा खास सलाम सांगा.

सकाळी सात, संध्याकाळी सात आणि रात्री साडेनऊ, ही थेंबांची वेळ चुकवू नका. संध्याकाळच्या दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर ठेवा. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटानं हलकं दाबून धरा, पन्नास मोजेपर्यंत. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. 18 तारखेची तपासणी आहे, मी आदल्या दिवशी रजा घेऊन येते.

याईराची मुलगी उठून चालायला लागली, सगळे थक्क झाले, आणि येशू म्हणाला, तिला खायला द्या. एवढ्या गडबडीत तिला भूक लागली असेल हे त्याच्याच लक्षात आलं. आई सांगत होती, पप्पा आता बाजरीची भाकरी थापतात आणि ती चांगली फुगते. मी आले की मला तीच हवी. सोबत लसणाची चटणी आई करील, खलबत्त्याला डोळे लागत नाहीत असं तीच म्हणाली.

तुमची,
बेबी