इपानेमाचं गाणं बसवताना

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’ बसवताय आणि गिटार घेऊन तूच गाणार आहेस, हे वाचून फार आनंद झाला. तू पाठवलेलं कव्हर ऐकलं. आवाज गोड आहे, पण गिटारमधला अंगठा, म्हणजे खालच्या सुरांचा ठेका, हरवलाय आणि मधला भाग घाईत उरकलाय. या गाण्याची बहुतेक कव्हरं याच दोन जागी घसरतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाणं १९६२ चं, रिओ द जानेरोचं. चाल आंतोनिओ कार्लोस जोबिम यांची, शब्द व्हिनिसियस द मोराइस यांचे. मोराइस कवी होते आणि परराष्ट्र खात्यात अधिकारीही. रिओच्या इपानेमा भागातल्या व्हेलोझो बारमध्ये दोघं बसले, समोरून मुलगी गेली आणि कागदी रुमालावर गाणं उतरलं, ही गोष्ट सगळीकडे छापलेली सापडेल. ती खरी नाही. मुलगी खरी होती. एलोइझा पिन्हेरो हे तिचं आजचं नाव, तेव्हा ती १७ वर्षांची होती आणि बारवरूनच येजा करायची. पण चाल जोबिमनी घरी पियानोवर बांधली आणि मोराइसनी शब्द रिओबाहेर पेत्रोपोलिसला लिहिले. आधी ते एका संगीत नाटकासाठी योजलेलं होतं आणि शब्दही वेगळे होते. ते टाकून पुन्हा लिहिले गेले. इतकं सहज वाटणारं गाणं दुसऱ्या खर्ड्यात आलंय, हे तालीम करताना ध्यानात असू दे. ऑगस्ट १९६२ मध्ये कोपाकबानाच्या ‘ओ बॉं गुर्मे’ या क्लबात ते प्रथम लोकांपुढे आलं. पुढे व्हेलोझो बारला ‘गरोता द इपानेमा’ (इपानेमाची मुलगी) आणि रस्त्याला मोराइस यांचं नाव मिळालं.

नोव्हेंबर १९६२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बोसा नोव्हाचा, म्हणजे या गाण्याच्या ब्राझिली शैलीचा, कार्यक्रम झाला. त्यानिमित्ताने जोबिम आणि गायक-गिटारवादक जोआओ जिल्बर्टो अमेरिकेत पोचले. १८ आणि १९ मार्च १९६३ ला तिथल्या ए अँड आर स्टुडिओत सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झबरोबर ध्वनिमुद्रण झालं. निर्माता क्रीड टेलर, ध्वनिमुद्रक फिल रामोन, ड्रमवर मिल्टन बनाना. जोआओची बायको अॅस्ट्रुड हिने तोवर व्यावसायिक ध्वनिमुद्रण केलेलं नव्हतं, पण इंग्रजी कडवं तिला दिलं गेलं. अल्बम १९६४ मध्ये आला. त्यात हे गाणं सव्वापाच मिनिटांचं आहे: आधी जोआओ पोर्तुगीजमध्ये, मग अॅस्ट्रुड इंग्रजीत, मग सॅक्सोफोन, पियानो आणि शेवटी पुन्हा अॅस्ट्रुड. रेडिओसाठी सिंगल काढताना जोआओचं कडवं पूर्ण कापलं आणि गाणं पावणेतीन मिनिटांवर आणलं. तेच बिलबोर्डच्या मुख्य यादीत पाचव्या आणि ‘ईझी लिसनिंग’च्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचा ग्रॅमीही त्यालाच मिळाला. अॅस्ट्रुडच्या वाट्याला मात्र त्या दिवसाची ठरलेली बिदागीच आली. तिच्या आवाजावर रेकॉर्ड विकली गेली, म्हणून हे मला आजही खटकतं.

त्या कापाकापीचा परिणाम असा की पुढच्या कव्हरकारांनी जे ऐकलं ते बहुधा अर्धंच गाणं होतं. इंग्रजी शब्द नॉर्मन गिंबेल यांचे. त्यात मुलगी जाते, पाहणारा झुरतो, ती बघत नाही, एवढंच आहे. मूळ पोर्तुगीजच्या मधल्या भागात तो आधी विचारतो, मी इतका एकटा का, सगळं इतकं उदास का. मग म्हणतो, हे सौंदर्य काही माझ्या एकट्याचं नाही. पुढे येतं की ती चालते तेव्हा सारं जग भरून येतं, हे तिला कळलं असतं तर! इंग्रजीत फक्त तक्रार उरली. तू जमेल तर पहिलं कडवं पोर्तुगीजमध्ये घे. उच्चार रिओचे हवेत: गोव्यातल्या जुन्या मंडळींच्या तोंडी जो ‘द’ येतो, तो तिथे ‘जी’ होतो आणि ‘के’चा ‘की’. कागदावर वाचून नको, जोआओच्या तोंडून ऐकून पाठ कर.

इंग्रजी कडव्यात एक अडचण तुला येईल. मूळ ओळ पुरुषाच्या तोंडी ‘मी’वर संपते, समुद्राच्या ‘सी’शी जुळते. अॅस्ट्रुडने बाई म्हणून ती बदलली आणि यमक राखायला ‘ही’ म्हटलं. व्याकरणात ते बसत नाही, तरी कानाला गोडच लागतं. एला फिट्झजेराल्ड आणि पेगी ली यांनी सरळ मुलीचा मुलगा केला. मला विचारशील तर मुलगीच राहू दे आणि ओळ जशी लिहिली तशी म्हण. गाणाऱ्याला पुरुषाच्या जागी उभं राहायला काय हरकत आहे?

आता चाल. एफ हा सा धर. सुरुवात होते रे वरून, मग मंद्रातला नी, नी, ध, आणि परत रे. घरच्या, म्हणजे एफच्या, कॉर्डवर चाल सा ला शिवतच नाही. पुढे सा येतो, पण तेव्हा खालची कॉर्ड बदललेली असते: सा ध ध ध प, मग एक पायरी खाली नी प प प म, आणि थांबायचं पंचमावर. गाणं तरंगतं ते यामुळे. म्हणून कीबोर्डवाल्याला सांग, पहिल्या कॉर्डमध्ये वरच्या बोटाने सा दाबून धरू नकोस. तुझा नी आणि त्याचा सा शेजारी घासतील आणि तुला वाटेल आपणच बेसूर झालो.

गिटार नायलॉन तारांची घे. पाचवी तार दाबून मुकी ठेवायची, पहिली वाजवायची नाही. सहावी, चौथी, तिसरी, दुसरी याच क्रमाने फ्रेटचे, म्हणजे दांडीवरच्या घरांचे, आकडे लिहिते. एफ मेजर सेव्हन: १, २, २, १. जी थर्टीन: ३, ३, ४, ५. जी मायनर सेव्हन: ३, ३, ३, ३. जी फ्लॅट सेव्हन फ्लॅट फाइव्ह: २, २, ३, १. आणि परत पहिली. शेवटच्या तिन्हींत अंगठ्याखालचा सूर ३, २, १ असा उतरतो, तो ऐकू आला पाहिजे. बासवाल्याच्या कागदावर जी फ्लॅटच्या जागी सी सेव्हन लिहिलेलं असेल. त्याने सी वाजवला तरी चालेल, कारण फ्लॅट फाइव्ह घेतलं की दोन्ही कॉर्डचे चारही सूर तेच असतात. पण कुणी साधी सी सेव्हन वाजवून त्यातला जी आणला, तर तुझ्या जी फ्लॅटशी टक्कर होईल. तालमीत ‘काहीतरी चुकतंय’ असं वाटतं, ते बहुधा इथेच.

गाणं एकूण ४० मात्रापट्ट्यांचं (इंग्रजीत बार): ८, ८, मधला भाग १६ आणि परत ८. सवयीने लोक मधला भाग आठचा धरतात आणि ड्रमवाला लवकर परततो. तिथे एकच तुकडा तीनदा येतो. दुसऱ्यांदा तीन अर्धस्वर वर, तिसऱ्यांदा आणखी एक. पहिला लांब सूर सा चाच असतो, पण खाली जी फ्लॅट मेजर सेव्हन (२, ३, ३, २) असल्यामुळे तो एकदम परका वाटतो. नवशिक्याचा सूर इथेच ढळतो. उपाय असा: गिटार थांबव, तो सा नुसता धर, आणि मग खाली कॉर्ड वाजव. पुढची बी नाइन पाचव्या तारेवर: पाचवी २, चौथी १, तिसरी २, दुसरी २, इथे सहावी मुकी. एफ शार्प मायनर सेव्हनला पुन्हा सहाव्या तारेवर, सगळीकडे २. मग नाइनचा तोच आकार तीन फ्रेट वर सरकवलास की डी नाइन. जी मायनर सेव्हन वर दिलीच आहे, आणि त्यानंतर आणखी एक फ्रेट वर सरकलीस की ई फ्लॅट नाइन. चाल जेवढी चढते तेवढाच हातही चढतो, त्यामुळे लक्षात राहतं. शेवटच्या चार पट्ट्या: ए मायनर सेव्हन (चारही तारांवर ५), ए फ्लॅट सेव्हन फ्लॅट फाइव्ह (४, ४, ५, ३), मग जी मायनर सेव्हन आणि जी फ्लॅट. बास पाचव्या फ्रेटपासून एकेक उतरत थेट पहिल्यावर घरी येतो.

ताल तुला सोपा जाईल. दोन पट्ट्या मिळून १६ मात्रा मोज. अंगठा १, ५, ९, १३ वर, म्हणजे तीनतालाचे विभाग सुरू होतात तिथेच. बोटांनी कॉर्ड १, ४, ७, ११, १४ वर, तिन्ही बोटं एकदम, खरडायचं नाही. दोघं एकत्र येतात ते फक्त समेवर. मेट्रोनोम ६० वर लाव आणि प्रत्येक टिकटिक अंगठ्याची धर. पहिला आठवडा फक्त अंगठा आणि गाणं, बोटं नंतर. उलट्या क्रमाने शिकलं की अंगठा बोटांमागे ओढला जातो, आणि तू पाठवलेल्या कव्हरमध्ये नेमकं तेच झालंय. जोआओ हा साचा जसाच्या तसा घोटत बसत नाही, कॉर्ड कधी आधी कधी उशिरा टाकतो, पण अंगठा हलत नाही म्हणून त्याला ते शोभतं. ड्रमवाल्याला सांग, स्नेअर ड्रमच्या कडेवर आडवी काठी, बास ड्रम पायाने जेमतेम.

मधल्या भागात चाल तीन-तीनच्या गटांत जाते आणि अंगठा दोनातच राहतो. तिथे पाय घाई करतो. तेवढाच तुकडा वेगळा काढून बसव.

ऐकायचं असेल तर आधी जोबिमचा १९६३ चा वाद्यांचा अल्बम ऐक. संयोजन क्लॉस ओगरमन यांचं. पियानोवर बहुतेक एकेक सूरच वाजतो, पण जागा किती सोडलीय ते बघ. मग १९६७ चं फ्रँक सिनात्रा आणि जोबिम यांचं ध्वनिमुद्रण, संयोजन ओगरमन यांचंच. मोठ्या आवाजाचा गायक आवाज किती आवरतो, हे त्यात कळतं. ऑस्कर पीटरसनचं १९६४ चं पियानोवरचं रूप सफाईदार आहे, पण गाणारीने त्याच्याकडून काही घेऊ नये. लिफ्टमध्ये आणि हॉटेलांत वाजणारी रूपं एकदा ऐकून सोडून दे. त्यांत आडव्या मात्रा सरळ केलेल्या असतात.

माइक तोंडापासून चार बोटांवर, किंचित तिरका. इतक्या जवळून आवाजाचा खालचा भाग फुगतो, म्हणून मिक्सरवर बास थोडा कमी करायला सांग. सूर कंपित करू नकोस, ओळीच्या शेवटी आवाज ताणू नकोस. मंद्रातला मध्यम नीट लागत नसेल तर सगळं दोन फ्रेट वर सरकव, मोकळी तार कुठेच नाही, त्यामुळे आकार तेच राहतील. मात्र बासवाल्याला आदल्या दिवशी कळव.

निवेदनात तिन्ही नावं घ्यायला सांग: जोबिम, मोराइस, गिंबेल. तालमीचं रेकॉर्डिंग पाठव, आधी फक्त अंगठ्याचं.

तुझी,
आई