पंधरा मार्चची फीत

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पंधरा मार्चला बुडापेस्टमध्ये जो तो छातीवर लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचं फूल लावून का हिंडतो, असं तू विचारलंस. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते. बाबा म्हणतात, आईला इतिहास विचारलास, आता भोग!

ते हंगेरीच्या झेंड्याचे रंग, १८४८ च्या क्रांतीची आठवण. त्याआधीच्या काही वर्षांत युरोपात पिकं बुडाली होती, शहरांत हाताला काम नव्हतं. जानेवारीत पालेर्मोत लोक उठले. फेब्रुवारीत पॅरिसमध्ये रस्त्यांवर अडसर रचले गेले आणि राजा लुई फिलिप गादी सोडून इंग्लंडला पळाला. १३ मार्चला व्हिएन्नात ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निख, तसला मुरलेला मुत्सद्दी, घरी बसला. हंगेरी तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाखाली होती; ती बातमी दोन दिवसांत पेस्टला, म्हणजे तुझ्या बुडापेस्टच्या अर्ध्या भागाला, पोहोचली.

पिल्वाक्स नावाच्या कॉफीगृहात पोरंसोरं जमली. त्यांचा म्होरक्या कवी पेटोफी, वय अवघं २५. भर पावसात ती छापखान्यावर गेली आणि सरकारी परवानगीशिवाय बारा मागण्या नि पेटोफीची कविता छापून घेतली. मागण्यांत पहिली होती छापण्याच्या स्वातंत्र्याची! मला या दिवसात सगळ्यात आवडतं ते हेच. दुपारी राष्ट्रीय संग्रहालयापाशी सभा झाली, मग जमाव नदीपलीकडच्या बुडा गावात गेला आणि लिखाणापायी तुरुंगात टाकलेल्या तांचिच या लेखकाला सोडवून आणलं.

पुढे ऑस्ट्रियाशी लढाई जुंपली, तेव्हा रशियाच्या झारने ऑस्ट्रियाला फौज दिली आणि ऑगस्ट १८४९ मध्ये हंगेरीने शस्त्रं खाली ठेवली. पेटोफी त्याआधीच लढाईत गेला, त्याचा देहही सापडला नाही. म्हणून पुस्तकांतून १८४८ 'फसलेली क्रांती' ठरते. मला हे पटत नाही. एप्रिल १८४८ मध्ये हंगेरीत झालेल्या कायद्यांनी कुळांची वेठबिगार मोडली, ती ऑस्ट्रियालाही परत आणता आली नाही. ज्याची वेठ सुटली त्याला विचारा, क्रांती फसली का!

१८४८ च्या त्याच मार्चमध्ये मुंबईच्या 'प्रभाकर' वर्तमानपत्रात लोकहितवादींची पत्रं सुरू झाली. जोतिराव आणि सावित्रीबाईंची पुण्यातली मुलींची शाळाही त्याच वर्षीची. त्यांचा पेस्टशी संबंध होता असं मी म्हणत नाही, युरोपची टपाल तेव्हा इकडे महिन्याहून अधिक वेळाने यायची. आणि आपल्याकडे वारं उलटंच होतं: एप्रिलमध्ये साताऱ्याचे अप्पासाहेब महाराज वारले, डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केलं. तिकडे राजे पळत होते, इकडे कंपनी राजे गिळत होती.

आणि हो, हंगेरियन मित्रांबरोबर बसशील तेव्हा बिअरचे पेले एकमेकांवर आपटू नकोस. ६ ऑक्टोबर १८४९ ला आराड गावी हंगेरीच्या तेरा सेनापतींना मारल्यावर ऑस्ट्रियनांनी तसे पेले वाजवले होते, असं तिथे सांगतात. जुने लोक अजून पाळतात म्हणे. तू बिअर पितेस का, हे मी विचारलेलं नाही.

तुझी,
आई